लाल ओळ माणसाची, काळी ओळ पेटीची

कोपरगावात बाईंचा टायपिंग क्लास होता, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं. बी.कॉम. झाल्यावर मी त्याच क्लासात शिकवायला लागले होते जिथे स्वतः शिकले होते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. माझ्याबरोबरच्या मुली 'अजून तिथेच?' असं विचारायच्या. मी म्हणायचे, 'हो, तिथेच.' मला तो खडखडाट आवडायचा. सगळी मशीनं एकदम चालू झाली की शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही.

बाई म्हणजे आमच्या शिक्षिका आणि क्लासच्या मालकीणही. उंच, काटक, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. तालुक्यातल्या निम्म्या कचेऱ्यांमधली बोटं त्यांच्या हाताखालून गेलेली. पण बसस्टँडजवळ काचेच्या दाराचा कॉम्प्युटर क्लास निघाला. तिथे चपला बाहेर काढाव्या लागत आणि आत गारेगार असे. आमच्या मुली एकेक करून तिकडे चपला काढायला गेल्या. एका दुपारी बाई पंख्याखाली बसून मला म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते. पोरी आल्या तर आल्या, नाहीतर शटर ओढते आणि नाशिकला बहिणीकडे जाते."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला धडकीच भरली. चिडून सांगितलं असतं तर मी समजूत काढली असती. ठरवून बसलेल्या माणसाची काय समजूत काढणार? मला नोकरीचं वाईट वाटलं असं नाही. पण जगात एकाच जागी मला बरं जमत होतं, आणि ती जागा हीच होती.

तसे आमच्याकडेही दोन कॉम्प्युटर होते. एका कचेरीने जुने म्हणून काढून टाकलेले बाईंनी उचलून आणले होते. काचेच्या दारामागे जे शिकवत ते या दोघांवर चालतच नसे, इतके ते म्हातारे. बाई रोज सकाळी पदराने त्यांच्यावरची धूळ पुसायच्या, पण एका बटणालाही कधी हात लावायच्या नाहीत. "माझं काय काम तिथं," एवढंच म्हणायच्या.

राहुरीला माझा मावसभाऊ नोकरीला होता. त्याच्या खात्यात इंटरनेटची जोडणी होती, आणि आमच्या घरात त्याचा रुबाब केवढा म्हणून सांगू! मी त्याला आमच्या दोन म्हाताऱ्यांचं गाऱ्हाणं सांगितलं. पुढच्या खेपेला तो आला तो खिशात एक फ्लॉपी घेऊन. म्हणाला, यावर प्रोग्राम लिहायची सगळी अवजारं आहेत. सुताराच्या पेटीत रंधा, करवत, पटाशी असते ना, तशी. जुन्यातल्या जुन्या मशीनवर चालते. फुकट आहे. आणि नुसती फुकट नाही, आतलं सगळं उघडं आहे. कशी बनवली ते वाचा, हवं तर बदला, फक्त दुसऱ्यालाही तशीच द्या.

मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. असं कोण देतं? आपल्याकडे लोणच्याची रीतसुद्धा कोणी धड सांगत नाही, एखादा मसाला मुद्दाम गाळतात. आणि इथे अनोळखी माणसांनी आख्खी पेटी उघडून समोर ठेवली होती! तिचं परदेशी नाव आमच्यापैकी कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही तिला पेटीच म्हणायला लागलो.

भावाने पेटीबरोबर कागदांची एक चळतही आणली होती. त्यात पेटीची मार्गदर्शिका होती, आणि पेटी वापरणाऱ्यांची एकमेकांना लिहिलेली ई-पत्रं होती. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचायचं, अशी त्यांची मंडळी जगभर पसरलेली. पण मंडळी आटत चालली होती. पेटी सांभाळणाऱ्या गृहस्थांचंच त्यात एक पत्र होतं. ते कुठल्याशा थंड देशात राहायचे. त्यांनी लिहिलं होतं की जुने लोक नव्या, चकचकीत वस्तूंकडे निघून गेले. नवा माणूस चुकून येतो आणि मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावरूनच परत जातो. वर्षअखेरपर्यंत वाट बघेन, मग पेटी मिटवून ठेवीन.

खाली बाकीच्यांची उत्तरं होती. एकाने लिहिलं होतं, मार्गदर्शिकेत काही कमी नाही, ज्याला शिकायचंय तो शिकतोच. ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शिकवणारी बाई आहे. 'ज्याला शिकायचंय तो शिकतोच' हे वाक्य ज्याला शिकवायचा कंटाळा असतो त्याचं असतं.

पण मजा बघा, त्यांच्याकडे वर्षअखेर आणि आमच्याकडे दिवाळी. दोन्हीकडे नवी माणसं हवी होती, नाहीतर शटर. मी बाईंना म्हटलं, "या दोन मशीनवर आपण पेटी शिकवू. काचेवाल्यांकडे ही नाही." बाई म्हणाल्या, "तुला येते?" मी म्हटलं, "येईल." झालं, रंगाऱ्याकडून दारावरच्या पाटीवर पेटीची एक ओळ वाढवून घेतली आणि मी मार्गदर्शिका उघडली.

अरे देवा! ती वाचून माझ्या नाकी नऊ आले. इंग्रजी मला कळत होतं, पण ती ज्याला सगळं आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली होती. दर परिच्छेदात 'उघडच आहे', 'साहजिकच', 'हे सोपंच आहे'. पहिलं उदाहरण गोल्फच्या गुणांचं. त्या खेळात कमी गुणवाला जिंकतो हे समजायलाच आमची एक दुपार गेली, आणि तेही भावाला राहुरीला फोन करून.

तरी मी रेटत राहिले आणि मला थोडं थोडं जमायला लागलं. पेटीशी बोलावं लागायचं. तुम्ही एक ओळ लिहायची, ती उत्तर द्यायची. मी दोन आणि तीन मिळवायला सांगितलं आणि तिने पाच सांगून पुढे 'ठीक' म्हटलं, तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडले की गिरणीवाला डोकावून गेला. पाच काय मला माहीत नव्हते? पण मी सांगितलं आणि तिने ऐकलं! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग मी पहिली विद्यार्थिनी बसवली. संवत्सरहून सायकलवर येणारी शेतकऱ्याघरची मुलगी, टायपिंगला आमच्याकडची सगळ्यात वेगवान. तिच्यासमोर स्टँडवर मार्गदर्शिकेचं पान लावलं, म्हटलं 'हे करत जा', आणि मी दुसऱ्या मुलीची मार्जिन बघायला गेले. थोड्या वेळाने तिची हाक आली.

"ताई, ह्ये बगा की. समदं जसंच्या तसं टाइप केलंय, एक चूक न्हाई. तरीबी ही पेटी नुसती चूक चूक करतीया."

मी जाऊन पाहिलं. पडदा वरपासून खालपर्यंत पेटीच्या तक्रारींनी भरला होता. मला आधी काही कळेना. मुलीची बोटं तर कधी चुकत नसत. मग मी पान बघितलं, पडदा बघितला, आणि कपाळाला हात लावला. तिने खरंच सगळं टाइप केलं होतं. माणसाने लिहायची ओळ तर केलीच, पण तिच्याखाली छापलेलं पेटीचं उत्तरसुद्धा तिनेच टाइप केलं होतं. 'पाच, ठीक' हेही. पुढची ओळ, तिचंही उत्तर. शेवटी पानाचा आकडासुद्धा! आणि मान वर करून पडद्याकडे एकदाही बघितलं नव्हतं, कारण आमच्या क्लासचा पहिला नियमच तो. नजर कागदावर. बोटांकडे बघायचं नाही, मशीनकडे बघायचं नाही, समोर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं. हा नियम मोडला की बाई पट्टीने टेबल वाजवायच्या.

मी हसत सुटले. मुलगी बिचारी कावरीबावरी झाली. "माझं काय चुकलं, ताई?" आता काय सांगणार? तिने आम्ही शिकवलेलंच केलं होतं आणि ते बिनचूक केलं होतं.

बाई उठून आल्या. त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. स्टँडवरचं पान काढून घेतलं, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेलं, आणि विचारलं, "यात बोलतंय कोण?"

"म्हणजे, बाई?"

"अगं, तू म्हणतेस दोघं बोलतात. एक माणूस, एक पेटी. मग कोणतं वाक्य कोणाचं हे यात कुठं लिहिलंय? तमाशाच्या वगातसुद्धा राजा कोण आणि शिपाई कोण ते कळतं."

मी पान हातात घेतलं. खरंच कुठे लिहिलं नव्हतं. दोघांच्या ओळी एकाखाली एक, एकाच ठशात, काळ्या. ज्याला पेटी येते त्याला बघताक्षणी कळतं, आणि ज्याला येत नाही त्याला कळायचा रस्ताच नाही. मीसुद्धा केवळ चुकत चुकत ओळखायला लागले होते आणि आपण ओळखलं हेही विसरून गेले होते. पहिल्या पानावरून परत जाणारी ती सगळी माणसं मला एकदम दिसायला लागली. ती काही आळशी नव्हती, त्यांना फक्त आपली पाळी कधी ते कळत नव्हतं!

आणि तेव्हाच माझी नजर टाइपरायटरवर गेली. टाइपरायटरच्या रिबनला दोन पट्टे असतात, वर काळा, खाली लाल. बाजूला एक खटका असतो, तो हलवला की लाल उमटतं. परीक्षेला सगळं काळ्यातच लागायचं, त्यामुळे आमच्याकडे काळा पट्टा झिजून भुरा व्हायचा आणि लाल पट्टा नवाकोरा राहून तसाच फेकला जायचा. मी कागद घातला, खटका लालवर केला आणि माणसाची ओळ मारली. खटका काळ्यावर करून पेटीचं उत्तर मारलं. लाल, काळी, लाल, काळी. कागद ओढून काढला आणि मुलीपुढे धरला.

"लाल तेवढं तू. काळं आलं की थांबायचं आणि वर बघायचं."

"वर बगायचं?" तिने बाईंकडे बघितलं.

बाईंनी मोठं मन केलं. "काळ्याला बघ," म्हणाल्या.

ती मुलगी ते पान पहिल्या फटक्यात पार करून गेली, आणि शेवटी पेटीने 'ठीक' म्हटल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला नाचावंसं वाटत होतं. मी नाचलेही थोडी, टेबलांच्या मधल्या जागेत.

त्या दिवसापासून आम्ही झपाटल्यासारखे झालो. परदेशी मार्गदर्शिका बाजूला ठेवली आणि आपली लिहायला घेतली. समजावणं मराठीत, पेटीच्या ओळी इंग्रजीत, म्हणजे एकाच कागदाला दोन मशीनं. आधी मराठी टाइपरायटरवर घालायचा, ओळींपुरती जागा सोडत जायचं, मग काढून इंग्रजीवर घालायचा आणि त्या रिकाम्या जागा नेमक्या पकडायच्या. एक ओळ वर गेली की सगळं पान वाया. बाई म्हणायच्या, ही परीक्षेपेक्षा अवघड परीक्षा.

कार्बनने प्रती निघेनात, कारण कार्बनला लाल रंग कळत नाही. मग बाईंनीच युक्ती काढली. रोजच्या सरावाला ते ठरावीक उतारे असायचे, पोस्टमास्तरांस अर्ज वगैरे. ते बंद केले आणि सरावाला मार्गदर्शिकाच लावली. प्रत्येक मुलीने आपली प्रत आपणच मारायची, खटका बदलत, लाल-काळी. प्रत पुरी होईपर्यंत निम्मी पेटी तिच्या डोक्यात आपोआप गेलेली असायची.

मी दोन नियम केले. 'सोपं' हा शब्द कुठेही येता कामा नये. ज्याला येत नाही त्याला सोपं म्हणून सांगितलं की तो आपल्यालाच मठ्ठ समजतो. आणि उदाहरण आपल्यातलं. गोल्फ गेला आणि टायपिंगचा वेग काढायचा छोटासा प्रोग्राम आला. पेटी म्हणते सुरू करा, तुम्ही उतारा मारायचा, ती मिनिटाला किती शब्द ते सांगते. काम साठवून कसं ठेवायचं हे मूळ मार्गदर्शिकेत पार शेवटी होतं. त्यांच्याकडे लाइट जात नसावी. आमच्याकडे ते पहिल्याच पानावर आलं.

एकाच गोष्टीवरून माझं आणि बाईंचं वाजलं. त्या म्हणाल्या, पहिलं वाक्य लिही, 'बस. मोडत काही नाही.'

"बाई, हे प्रोग्रामिंगचं पुस्तक आहे. असं कसं लिहायचं?"

"माझ्या क्लासात नवी पोर आली की मी तिला पहिलं हेच सांगते. तुलाही सांगितलं होतं. मशीनपुढं बसलेल्या माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही, नुसती मोडायची भीती असते."

मी कुरकुरत लिहिलं. मनात म्हटलं, इंग्रजी करताना गाळून टाकू.

कारण इंग्रजी करायचंच होतं. त्या थंड देशातल्या गृहस्थांना दाखवल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. रविवारचा आख्खा दिवस बसून मी इंग्रजी केलं, आणि का कोण जाणे, बाईंचं वाक्य गाळलं नाही. पोळीच्या डब्यात कागद आणि वेगाच्या प्रोग्रामची फ्लॉपी ठेवून एसटीने राहुरीला निघाले. शिर्डीला निम्मी गाडी रिकामी झाली आणि प्रसादाच्या पिशव्यांसकट पुन्हा भरली, तरी मी डबा मांडीवरून हलवला नाही.

भावाने कागद बघितला आणि म्हणाला, "छान आहे. पण ई-पत्रात शाई नसते. लाल-काळं जाणार नाही."

माझा चेहरा पडला. एवढं सगळं ज्या रंगावर उभं, तो रंगच पोचणार नाही! मी त्याच्या खुर्चीत बसले आणि कळफलकावर बोटं ठेवली. मग माझ्या बोटांना आधी आठवलं, डोक्याला मागाहून. टायपिंगमध्ये मार्जिन असते आणि टॅब असतो. माणसाची ओळ मार्जिनपासून, पेटीची टॅब मारून आत. रंग नको, जागा पुरे. तिथल्या तिथे सगळं पुन्हा टाइप केलं आणि भावाने ते पाठवून दिलं.

मग आठवडे गेले आणि तिकडून कोणी ताकास तूर लागू देईना. एक उत्तर आलं, 'हे लहान मुलांसाठी दिसतं.' मी भावाला फोनवर सांगितलं, त्याला कळव, मोठ्यांनाही कधीतरी पहिल्यांदा बसावं लागतं. त्याने कळवलं की नाही कोण जाणे. इकडे संवत्सरच्या मुलीने गावातल्या दोघींना आणलं, त्या दोघींनी आणखी एकीला आणलं. खुर्च्या भरत होत्या, पण बाई दिवाळीबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. नाशिकहून त्यांच्या बहिणीचे फोन यायचे आणि बाई 'हो, बघते' म्हणायच्या. त्या 'बघते'ने माझा जीव टांगणीला लागायचा.

दिवाळीच्या सुट्टीचा आदला दिवस. मुली गेल्या होत्या, बाई टाइपरायटरवर एकेक करून झाकणं घालत होत्या, आणि भाऊ दारात उभा. हातात एक कागद, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. पेटी सांभाळणाऱ्या गृहस्थांचं पत्र होतं. मी उभ्या उभ्या मोठ्याने मराठीत सांगत गेले. त्यांनी आमची मार्गदर्शिका शेजारच्या एका बाईंना दिली होती, ज्यांनी कॉम्प्युटर कधी बघितला नव्हता. त्या शेवटच्या पानापर्यंत गेल्या आणि पुढचं मागायला आल्या. आता ती मार्गदर्शिका पेटीबरोबरच सगळीकडे जाईल, सगळ्यात आधी उघडेल अशी. पेटी मिटवायचा विचार त्यांनी तूर्त सोडला होता. आणि खाली एक प्रश्न होता. ते पहिलं वाक्य कोणाचं? शेजारीण म्हणाली की ते वाचलं म्हणून मी बसले.

मी बाईंकडे बघितलं. त्या हातात झाकण धरून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघत होते, माझेही भरून आले. मग मला एकदम उमगलं की रोज पदराने धूळ पुसणाऱ्या बाईंनी आजवर त्या मशीनला हात का लावला नव्हता. मी कॉम्प्युटर सुरू केला, खुर्ची ओढली.

"बसा, बाई. मोडत काही नाही."

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग पदर खोचला आणि बसल्या. ताठ बसल्या, मनगटं उचललेली, बोटं आपापल्या जागी. स्टँडवर संवत्सरच्या मुलीची लाल-काळी प्रत होती. बाईंनी लाल ओळ मारली आणि थांबल्या. मी हात मागे बांधून ओठ दाबून धरले. हळूच त्यांनी मान वर केली. पडद्यावर पेटीने 'ठीक' म्हटलं होतं.

"बोलली की गं!" बाई म्हणाल्या.

मग त्या थांबेचनात. पान उलटत गेल्या, लाल मारत, काळ्याला मान वर करत, लाल मारत. शेवटच्या प्रोग्रामने त्यांचा वेग सांगितला तेव्हा भावाने शिट्टी वाजवली. बाईंचा वेग माझ्या वेगाच्या कितीतरी वर होता. बाई म्हणाल्या, "हिचं घड्याळ पुढं आहे वाटतं," आणि पुन्हा मारला. पेटी आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली.

बाईंनी शेवटचं पान उलटलं. मागे कोरं होतं.

"आणि पुढं?"

"पुढचं अजून लिहिलं नाही, बाई."

"लिहिलं नाही?" त्यांनी टेबलावरची पट्टी उचलून वाजवली. "मग दिवाळीनंतर त्या पोरींना मी काय शिकवू?"